सपाट माळ बघायला स्कॉटलंडला का जायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गेली तीन वर्षं तुम्ही पुण्यात गोल्फ खेळता, हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) २६ आहे. जूनमध्ये मुलीकडे एडिंबराला जाणार आहात आणि तिथून सेंट अँड्र्यूजला जाऊन एका दिवसात परत येता येतं. पण टीव्हीवर दिसलेला तिथला गोल्फचा ओल्ड कोर्स तुम्हाला ‘सपाट, बोडका, पिवळट माळ’ वाटला. लोक या माळाला एवढं डोक्यावर का घेतात, कोर्सची रचना चांगली आहे हे ओळखायचं कसं आणि तिथे गेल्यावर नेमकं काय बघायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी राहुरीला शेतकी शिकलो आणि पुढची एकतीस वर्षं गोल्फ कोर्सवर माती, पाणी आणि गवत यांतच घालवली. ओल्ड कोर्सवर तीनदा जाऊन आलो. खेळलो एकदाच. उरलेल्या दोन वेळा नुसता चाललो, आणि चालताना जास्त शिकलो. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी ‘पिवळट’चं बघू. हिरवेपणा हा माझ्यासारख्या पाणी-खतवाल्या माणसाचा विषय आहे, रचनेचा नाही. रात्रभर स्प्रिंकलर चालवले आणि नत्र दिलं की कुठलाही कोर्स हिरवागार दिसतो. ओल्ड कोर्सवर फेस्क्यू नावाचं सुईसारखं बारीक गवत आहे. ते वाळूत, कमी पाण्यावर वाढतं आणि उन्हाळ्यात भुरकट पडतं. तसं पडलं की जमीन टणक राहते आणि टणक जमिनीवर चेंडू टप्पा खाऊन तीस-चाळीस यार्ड घरंगळतो. या घरंगळण्यावरच तिथला सगळा खेळ उभा आहे. ओलसर हिरव्या जमिनीवर चेंडू पडतो तिथेच रुततो. मग जमिनीला कितीही उतार असले तरी खेळाडूला त्यांचं काही सोयरसुतक उरत नाही.

आता ‘सपाट’चं. यात तुमची चूक नाही. कॅमेरा उंचावर असतो आणि उंचावरून जमीन चपटी दिसते. तिथे पाय ठेवा म्हणजे कळेल. सकाळी उठल्यावर चुरगळून पडलेली गोधडी डोळ्यासमोर आणा, तशी ती जमीन आहे. गुडघाभर उंचवटे, घोटाभर खळगे, आणि दोन पावलांच्या अंतरात उताराची दिशा बदलते. फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्याच्या, मधोमध चेंडू असूनही एक पाय वर, एक पाय खाली अशी उभं राहायची पाळी येते.

ही जमीन कोणी घडवली? समुद्र मागे हटला, मागे वाळूच्या टेकड्या राहिल्या, वाऱ्यानं त्यांना आकार दिला, वर गवत आलं. शेतीला निरुपयोगी अशा या किनारपट्टीला स्कॉटलंडमध्ये ‘लिंक्स’ म्हणतात. तिथे मेंढ्या चरायच्या, ससे बिळं करायचे. वारा चुकवायला मेंढ्या ज्या खळग्यांत दाटीनं बसायच्या तिथलं गवत झिजून वाळू उघडी पडली आणि त्या खळग्यांचे पुढे बंकर, म्हणजे चेंडू अडकवणारे वाळूचे खड्डे, झाले, असं सांगतात. गोल्फ इतका लोकप्रिय होता की लोक धनुर्विद्या सोडून हेच खेळतात म्हणून स्कॉटलंडच्या संसदेनं १४५७ साली त्यावर बंदी घातली होती. पुढे १५५२ मध्ये आर्चबिशप हॅमिल्टन यांच्या सनदेत लिंक्सवर ससे पाळायचा हक्क आर्चबिशपला आणि गोल्फ खेळायचा हक्क गावकऱ्यांना, अशी नोंद झाली. हा हक्क अजून जिवंत आहे. ओल्ड कोर्स कुणा क्लबाच्या मालकीचा नाही. तो सार्वजनिक जमिनीवर आहे आणि संसदेच्या कायद्यानं १९७४ मध्ये स्थापन झालेला ट्रस्ट तो सांभाळतो. पहिल्या आणि अठराव्या होलच्या (पहिल्या फटक्यापासून खड्ड्यापर्यंतचा एक टप्पा म्हणजे एक होल) फेअरवेमधून गावाचा रस्ता आडवा जातो. तुम्ही टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, उभ्या असताना समोरून एखादी बाई बाळाची गाडी ढकलत समुद्राकडे निघालेली दिसेल. ती पलीकडे जाईपर्यंत थांबायचं.

म्हणजे मूळ रचनाकार कुणीच नाही. मग लोक रचनेचं कौतुक कशाचं करतात? याचं उत्तर मला सापडलं ते गर्दीत.

सुरुवातीला हा गॉर्सच्या काटेरी झुडपांमधून गेलेला एक चिंचोळा पट्टा होता. शहराकडून खेळत टोकापर्यंत जायचं आणि त्याच खड्ड्यांत चेंडू घालत परत यायचं. तेव्हा एका फेरीत २२ होल होत. १७६४ मध्ये सुरुवातीची चार छोटी होल जोडून त्यांची दोन केली. जाता-येता दोन्हीकडे दोन-दोन कमी झाली आणि राहिली १८. आज जगभर अठरा होल खेळतात त्यामागे एवढंच कारण आहे. तोवर चेंडू म्हणजे चामड्याच्या पिशवीत पिसं ठासून शिवलेला, महागडा प्रकार होता. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा, म्हणजे झाडाच्या चिकाचा, चेंडू आला, स्वस्त आणि टिकाऊ. खेळणारे वाढले, जाणारे आणि येणारे समोरासमोर यायला लागले. मग झुडपं तोडून पट्टा रुंद केला, ग्रीन (खड्ड्याभोवतीची बारीक कापलेल्या गवताची जागा) मोठी केली आणि एकेका ग्रीनवर दोन-दोन खड्डे पाडले. अशी सात जोड-ग्रीन आजही आहेत. दुसरं आणि सोळावं एकत्र, तिसरं आणि पंधरावं एकत्र, असं करत आठवं आणि दहावं. कुठल्याही जोडीची बेरीज करा, अठरा येते. जाताना पांढरे झेंडे, येताना लाल. काही ग्रीन इतकी अफाट आहेत की भलत्या बाजूला चेंडू पडला तर शंभर फुटांचा पट (जमिनीवरून घरंगळवायचा फटका) मारावा लागतो.

पट्टा रुंद केला तो अपघात टाळायला, पण त्यातून जे आपोआप घडलं ते फार मोठं होतं. वाट चिंचोळी असते तेव्हा खेळाडूपुढे एकच काम असतं, सरळ मारणं. रुंद झाली की त्याला ठरवावं लागतं. डावीकडून जाऊ की उजवीकडून? पूर्वी पट्ट्याच्या काठाला असलेले बंकर आता मधोमध आले. त्यांच्या अलीकडे थांबू, वरून नेऊ की बाजूनं काढू? शिवाय पूर्वी हा कोर्स उलट्या दिशेनंही खेळत असत. त्यामुळे काही बंकरांची तोंडं आजच्या दिशेला पाठ करून आहेत. बाराव्या होलच्या टीवरून समोर मोकळं मैदान दिसतं आणि पुढे चालत गेल्यावर मैदानाच्या पोटात लपलेले बंकर एकेक करून उघडे पडतात.

चांगल्या कोर्सची माझी व्याख्या यातूनच तयार झाली आहे. प्रत्येक होल खेळाडूला प्रश्न विचारतं. वाईट होलच्या प्रश्नाला एकच उत्तर असतं आणि ते सगळ्यांना सारखंच लागू पडतं. चांगल्या होलला दोन-तीन उत्तरं असतात. त्यातलं सोपं उत्तर घेतलं तर शिक्षा लगेच होत नाही, ती पुढच्या फटक्याला होते.

सतरावं होल याचं सगळ्यात धडधडीत उदाहरण आहे. याला रोड होल म्हणतात. पार चार, म्हणजे चांगल्या खेळाडूनं चार फटक्यांत संपवावं असं; मोठ्या स्पर्धेत लांबी ४९५ यार्ड. उजवीकडे हॉटेल आहे आणि त्याच्या कडेला पूर्वीच्या रेल्वेच्या शेडची हुबेहूब प्रतिकृती. टीवरचा फटका त्या शेडच्या वरून मारायचा असतो. जितकं धाडस करून उजवीकडे कापाल तितका पुढचा कोन सोपा. घाबरून डावीकडे मारलात तर भरपूर जागा आहे, चेंडू कुठेही हरवणार नाही. पण ग्रीन तिरपं आणि अरुंद आहे. डावीकडून येताना त्याच्या बरोबर पोटात घुसलेला एक छोटा, खोल बंकर तुमच्या आणि झेंड्याच्या मध्ये उभा ठाकतो. तो टाळायला जोरात मारलात तर चेंडू ग्रीन ओलांडून मागच्या डांबरी रस्त्यावर जातो. रस्त्यापलीकडे दगडी भिंत. रस्ता खेळाचाच भाग आहे, तिथून उचलून ठेवायची मुभा नाही.

१९७८ मध्ये जपानचे टॉमी नाकाजिमा दोन फटक्यांत या ग्रीनवर पोचले होते. पट मारला, तो उतारावरून वळला आणि सरळ बंकरमध्ये गेला. बाहेर यायला चार फटके लागले आणि होलवर एकूण नऊ. १९८४ मध्ये टॉम वॉटसन ओपनच्या, म्हणजे ब्रिटनच्या सगळ्यात मोठ्या गोल्फ स्पर्धेच्या, सहाव्या विजेतेपदाच्या दारात होते. त्यांचा दुसरा फटका रस्त्यापलीकडे भिंतीपाशी गेला आणि त्याच सुमारास पुढच्या ग्रीनवर सेव्हे बायेस्तेरोस यांनी बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) टाकून स्पर्धा जिंकली. २०१३ च्या महिला ओपनमध्ये मात्र स्टेसी लुईसनं शेवटच्या दिवशी इथेच पाच नंबरच्या आयर्ननं (लोखंडी टोकाच्या काठीनं) चेंडू खड्ड्याच्या अगदी जवळ आणून ठेवला, सतरा आणि अठरा दोन्हीवर बर्डी केली आणि जिंकली. एकच बंकर, एकच रस्ता, एकच भिंत. सगळं मिळून कदाचित आपल्या एखाद्या सोसायटीच्या पार्किंगएवढी जागा असेल.

म्हणून कुठल्याही कोर्सवर, अगदी पुण्यातल्या तुमच्या कोर्सवरही, एक सवय लावून घ्या. होल संपलं की झेंडा परत लावून लगेच चालू पडू नका. ग्रीनच्या मागे जा आणि टीकडे तोंड करून उभ्या राहा. खड्ड्याकडून उलटं वाचत या. आज झेंडा जिथे आहे तिथे चेंडू थांबवायचा तर तो कुठल्या बाजूनं यायला हवा? त्यासाठी आधीचा फटका फेअरवेच्या कुठल्या कडेवरून हवा? त्या कडेला रचनाकारानं काय मांडून ठेवलंय? या तीन प्रश्नांना उत्तरं सापडली तर त्या होलमागे विचार आहे. कुठूनही आलं तरी सारखंच, असं दिसलं तर तिथे फक्त गवत लावलंय, मग ते कितीही महाग असो. टीवर उभं राहून जे दिसतं ती सजावट असू शकते. ग्रीनच्या मागून पाहिलं की खरं काय ते दिसतं.

चौदाव्या होलवर हे जरा मोठ्या पटावर आहे. पहिला फटका ज्या सुरक्षित पट्ट्यावर टाकायचा त्याचं नाव एलिशियन फील्ड्स, म्हणजे ग्रीक पुराणातला स्वर्ग. तिथून पुढे वाटेत बसलेला अजस्र बंकर म्हणजे हेल, नरक. १९९५ मध्ये जॅक निक्लॉस यांना त्यातून बाहेर पडायला चार फटके लागले आणि होलवर एकूण दहा. या कोर्सवर दोनदा ओपन जिंकलेला माणूस! उलट २००० मध्ये टायगर वुड्स चारही दिवसांत कोर्सवरच्या ११२ पैकी एकाही बंकरमध्ये गेला नाही आणि आठ फटक्यांनी जिंकला. ताकद त्याच्याकडे होतीच, पण त्या आठवड्यात त्यानं प्रत्येक होल उलटं वाचलं होतं असं मला ते खेळणं पाहताना सारखं वाटत राहिलं.

इथे माझी एक चूक सांगतो, कारण रचनेबद्दल मला सगळ्यात जास्त तिनं शिकवलं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका कोर्सवर होतो. तिथे एका ग्रीनच्या तोंडाशी, उजवीकडे, कंबरेइतका उंचवटा होता. सरळ आलेला चेंडू त्यावर आपटून कुठेही उडायचा. ‘हे अन्यायाचं आहे’ अशा तक्रारी आल्या, कमिटीनं सपाटीकरण ठरवलं आणि कामाचा आराखडा मी काढला. दोन दिवसांत बुलडोझरनं उंचवटा गेला. त्या पावसाळ्यात ग्रीनच्या तोंडाशी तळं साचलं, कारण वरून येणारं पाणी तोच उंचवटा दोन्हीकडे वळवत होता. निचऱ्याचे पाईप टाकून ते निभावलं. पण होल गेलं ते गेलंच. पूर्वी शहाणे खेळाडू डावीकडून यायचे, उंचवट्याच्या अलीकडे टप्पा देऊन चेंडू घरंगळत न्यायचे. आता सगळे एकाच जागेवरून एकाच क्लबनं, म्हणजे एकाच काठीनं, मारायला लागले. सहा महिन्यांनी ज्यांनी तक्रार केली होती त्यांतलेच एक गृहस्थ मला म्हणाले, “या होलला हल्ली मजा येत नाही, काय झालंय?” मी काय झालंय ते सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते.

ओल्ड कोर्सवर असे अन्याय शेकड्यानं आहेत आणि फारसं कुणी ते बुजवत नाही. बॉबी जोन्स १९२१ मध्ये पहिल्यांदा तिथे ओपन खेळायला गेले तेव्हा तिसऱ्या फेरीत अकराव्या होलवर बंकरमध्ये इतके वैतागले की चेंडू उचलून स्पर्धा सोडली. १९२७ मध्ये तिथेच ओपन जिंकले. १९५८ मध्ये गावानं त्यांना नागरिकत्वाचा मान दिला. हा मान मिळालेले त्यांच्याआधीचे अमेरिकन होते बेंजामिन फ्रँकलिन, १७५९ मधले. पहिल्या भेटीत हा कोर्स आवडत नाही, असं अनेक मोठ्या खेळाडूंचं झालंय. तेव्हा टीव्ही पाहून तुमचं तसं झालं तर वाईट वाटून घेऊ नका.

जोन्स यांनी पुढे अमेरिकेत ऑगस्टा नॅशनल हा कोर्स उभारला तो अलिस्टर मॅकेन्झी यांच्याबरोबर. मॅकेन्झी मूळचे डॉक्टर. बोअर युद्धात सर्जन म्हणून असताना बोअर सैनिक जमिनीच्या आधारानं कसे दिसेनासे होतात हे त्यांनी निरखलं आणि ती नजर गोल्फमध्ये आणली. ओल्ड कोर्सचा एकेक उंचवटा मोजून त्यांनी १९२४ मध्ये त्याचा नकाशा तयार केला. ऑगस्टा दिसायला सेंट अँड्र्यूजच्या अगदी उलट आहे: डोंगरउतार, पाइनची झाडं, फुलं. पण सुरुवातीला तिथे बंकर अगदी मोजके होते, फेअरवे ऐसपैस होते आणि प्रश्न तोच होता: कुठल्या बाजूनं येता? आपल्याकडेही हा धागा पोचला आहे. १९५५ मध्ये सेंट अँड्र्यूजला ओपन जिंकणारे ऑस्ट्रेलियाचे पीटर थॉमसन यांनी सत्तरच्या दशकात दिल्ली गोल्फ क्लबच्या लोधी कोर्सची फेररचना केली. तिथे झुडपांमुळे वाट अरुंद आहे, म्हणून तिथला प्रश्न निराळा आहे. ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारा क्लब) बॅगेतून काढायचा की नाही, हाच.

आता माझ्या आवडीचा विषय, ग्रीन. ओल्ड टॉम मॉरिस हे नाव तुम्ही ऐकलं असेल. जन्म १८२१, सेंट अँड्र्यूजचेच. चार वेळा ओपन जिंकले, पण मला ते गुरुस्थानी आहेत ते माळी म्हणून. स्कॉटलंडमधल्याच प्रेस्टविकच्या कोर्सवर असताना ग्रीनवर चुकून वाळू सांडली आणि तिथलं गवत जास्त जोमानं आलं हे त्यांच्या लक्षात आलं, असं सांगतात. सेंट अँड्र्यूजला परतल्यावर ते आपल्या मदतनिसाला सतत आणखी वाळू टाकायला सांगत. आज जगातल्या झाडून सगळ्या ग्रीनवर वाळूचा पातळ थर देतात. पुण्यात आमच्या काळ्या मातीवर आणि मुरमावर ग्रीन टिकतं तेही या वाळूच्याच जिवावर. टॉमच्या आधी टीसुद्धा वेगळी नव्हती. १७४४ च्या पहिल्या नियमांतला पहिलाच नियम असा की खड्ड्यापासून एका क्लबच्या लांबीच्या आत चेंडू ठेवून पुढच्या होलचा फटका मारायचा. चेंडू उंचावर ठेवायला वाळू लागायची ती खड्ड्यातूनच उपसायचे. संध्याकाळपर्यंत खड्डा कोपरभर खोल! ग्रीनची काय दशा होत असेल ते मी सांगायला नको.

आपल्याकडचं गवत निराळं. ज्याला गोल्फवाले बर्म्युडा म्हणतात ती आपली हरळी, म्हणजे गणपतीला वाहतो ती दूर्वा. ग्रीनवर तिच्याच सुधारित, बुटक्या जाती असतात. पायदळी तुडवली तरी पुन्हा उठते, उन्हाला डरत नाही. पण तिला पाणी आणि खत दोन्ही आवडतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये तर एका रात्रीत अशी माजते की सकाळी चेंडू रेटावा लागतो. जिथे पाणीच नव्हतं तिथे जुन्या लष्करी कोर्सवर ‘ब्राऊन’ असायचे. वाळूत तेल कालवून, रूळ फिरवून केलेलं तपकिरी वर्तुळ. पट मारायच्या आधी त्यावरून सपाटणी ओढायची. मी पटिंग शिकलो ते अशाच ब्राऊनवर. तिथे चेंडू रेषेत जायचा, पण उताराशी गाठ पडायची नाही.

उतार आणि वेग यांचं गणित समजून घ्या, मग ओल्ड कोर्सची ग्रीन टीव्हीवर संथ का दिसतात ते कळेल. ग्रीनचा वेग स्टिंपमीटर नावाच्या पन्हळीवरून चेंडू सोडून तो किती फूट जातो त्यावरून मोजतात. मोठ्या स्पर्धांत बारा-तेरा फूट म्हणजे अभिमानाची गोष्ट मानतात. सेंट अँड्र्यूजला तो आकडा साधारण दहाच्या आसपास ठेवतात, कारण ग्रीन उताराची आहेत आणि वारा समुद्रावरून थेट येतो. तरीही २०१५ च्या ओपनमध्ये शनिवारी ठेवलेले चेंडू वाऱ्यानं आपोआप हलायला लागले आणि खेळ दहा तासांहून जास्त थांबवावा लागला. वेग वाढवायचा तर उतार काढून टाकावे लागतील. जगात अनेक जुन्या कोर्सनी नेमकं तेच केलं आणि शंभर वर्षांचे उतार खरवडून टाकले. सेंट अँड्र्यूजनं वेग कमी ठेवला आणि बहुतेक उतार राखले. एक ग्रीनकीपर म्हणून मला त्यांचा सगळ्यात जास्त आदर वाटतो तो या निर्णयासाठी.

परंपरेबद्दल तुम्ही वेगळं विचारलं नाही, पण ती रचनेपासून वेगळी काढता येत नाही. चेंडू जसा पडला तसा खेळायचा, हा नियम अशा ओबडधोबड जमिनीवरच जन्माला येऊ शकतो. पंच नसतो, म्हणून आपली चूक आपणच सांगायची. जोन्स यांनी १९२५ च्या यूएस ओपनमध्ये कुणीही न पाहिलेल्या चुकीसाठी स्वतःला एक फटका दंड लावून घेतला आणि शेवटी प्लेऑफमध्ये हरले. डिव्हट (फटक्यानं उखडलेली जमीन) भरणं, बंकर ओढून ठेवणं, मागच्या वेगवान गटाला पुढे जाऊ देणं, या गोष्टी तुम्ही पुण्यात शिकलाच असाल. सेंट अँड्र्यूजला या गोष्टी मुलांच्या अंगात इतक्या मुरलेल्या असतात की पाहताना बरं वाटतं. सप्टेंबरमध्ये सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबचा नवा कॅप्टन पहिल्या टीवरून एकच फटका मारतो, त्याच क्षणी तोफ उडते आणि समोर पसरलेले कॅडी (खेळाडूंची बॅग वाहणारे मदतनीस) त्या चेंडूसाठी धावतात. जो आणून देईल त्याला सोन्याचं नाणं. समारंभाच्या मध्यभागी कॅडीला जागा आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ पासून आहे, सेंट अँड्र्यूजच्या क्लबाला ‘रॉयल’ पदवी मिळाली त्याच्याही पाच वर्षं आधी. त्याच कलकत्त्यातल्या ग्रीनकीपरचा मुलगा एस. एस. पी. चौरासिया २००८ मध्ये इंडियन मास्टर्स जिंकला, तेव्हा आमच्या माळी लोकांनी पेढे वाटले होते.

या परंपरेची एक बाजू मात्र लाजिरवाणी होती. रॉयल अँड एन्शंट क्लबानं स्त्रियांना सदस्यत्व द्यायचं ठरवलं ते २०१४ च्या सप्टेंबरमध्ये, स्थापनेनंतर २६० वर्षांनी. तिथल्या बायका तोवर थांबल्या नव्हत्या. त्यांनी १८६७ मध्येच आपला पटिंग क्लब काढला होता. त्यांचं पटिंगचं मैदान आजही ओल्ड कोर्सच्या शेजारी आहे. त्यावरचे चढउतार असे की नाव पडलं ‘हिमालय’. थोडे पाऊंड देऊन कुणालाही खेळता येतं. मुलीला, जावयाला, गोल्फचा गंध नसलेल्या कुणालाही घेऊन जा. अर्ध्या तासात त्यांना उताराचं वाचन कळायला लागेल.

आता बेत असा करा. जायचा दिवस रविवार ठेवा. रविवारी ओल्ड कोर्स खेळासाठी बंद असतो आणि गावाची बाग होतो. मोठी स्पर्धा तेवढी नाही ना, हे आधी बघून घ्या. लोक कुत्री घेऊन फिरतात, पोरं स्विल्कन ओढ्यावरच्या दगडी पुलावर फोटो काढतात. फुकट, हवं तेवढं चाला. पण पहिल्या टीपासून सुरू करू नका. अठराव्या ग्रीनच्या मागे उभं राहून उलट्या दिशेनं निघा, अठरा, सतरा, सोळा असं. अठराव्या ग्रीनच्या अलीकडचा मोठा खळगा, व्हॅली ऑफ सिन, आधी खालून बघा. सतराव्याच्या भिंतीला टेकून किमान पंधरा मिनिटं थांबा. अकराव्यावर गेलात की मागे ईडन नदीची खाडी दिसेल. तिथे वाऱ्याकडे पाठ करून ग्रीनचा उतार पायांनी जोखा. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात एकेका खळग्याची सावली पडते. तीच वेळ गाठा. दुपारी बारा वाजता तुम्हाला पुन्हा सपाट माळच दिसेल.

खेळायचंच असेल तर मुक्काम वाढवा. दोन दिवस आधी सोडत निघते, त्यात नाव घालता येतं. जोडीला निदान एक खेळाडू आणि हँडिकॅपचा दाखला लागतो. नंबर लागला तर कॅडी नक्की घ्या. तिथे डोळ्यांना जे दिसतं त्याच्यावर विसंबून चालत नाही आणि कॅडी बोट दाखवेल तो चर्चचा मनोराच तुमचं निशाण असतो. बहुतेक होलवर डावीकडे जागा आहे हे लक्षात ठेवा. नंबर नाही लागला तरी ट्रस्टची आणखी सहा मैदानं आहेत, त्यातलं न्यू कोर्स १८९५ चं म्हणजे नावापुरतंच नवं.

सतराव्यावर मात्र चार फटक्यांचा हट्ट धरू नका. शेडवरून मारू नका, डावीकडे टाका. दुसरा फटका ग्रीनच्या अलीकडे, उजव्या तोंडाशी आणून ठेवा. तिथून वेज (चेंडू उंच उडवणारा क्लब) काढायचा मोह होईल, पण पटर घ्या आणि चेंडू उतारावरून वर घरंगळवा. २०२२ च्या ओपनमध्ये शेवटच्या दिवशी कॅमेरॉन स्मिथ आणि झेंडा यांच्या मध्ये तोच बंकर आला होता. त्यानंही पटरच घेतला, बंकरला वळसा घालून चेंडू वर चढवला, उरलेले दहा फूट एका पटमध्ये संपवले आणि एका फटक्यानं ओपन जिंकली.